नाव घ्या, मग बिल उघडू

किस्सा साठतो कसा, याचा मी आयुष्यभर अभ्यास केला आहे. घटना एकदाच घडते. मग ती जिन्यात सांगितली जाते, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सांगितली जाते, आणि पुढच्या माणसाच्या तोंडी जाईपर्यंत तिला एक शेपूट फुटलेले असते. लोकसाहित्याची अभ्यासक म्हणून अशी शेपटे ओळखणे, ती बाजूला करणे आणि खालचा मूळ देह शोधणे हेच माझे काम. पण आमच्या स्वतःच्या कचेरीत जे किस्से साठले, त्यांना मी कात्री लावलेली नाही. ते बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडले. आणि खरे सांगायचे तर मूळ देहच इतका विक्षिप्त होता की त्याला शेपटाची गरजच पडली नाही!

कचेरी म्हणजे ठाण्यात नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. आम्ही तिला 'मंडळ' म्हणत असू. खाडीकाठच्या आगरी-कोळी बायकांची लग्नगीते गोळा करायची, लिहून काढायची आणि छापायची, एवढाच मंडळाचा उद्योग. अध्यक्ष आप्पा, निवृत्त शिक्षक. त्यांनी जन्मात गाण्याचा एकही पाठभेद टाकून दिला नव्हता. हिशेब, पत्रव्यवहार आणि आम्हां सर्वांना धाकात ठेवणे, ही खाती विजूकडे. विजू कळव्याची, कॉमर्स शिकलेली, आणि यमुनाबाईंची मुलगी. यमुनाबाई धवलारीण. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गात गात विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडवात तिचा शब्द चालतो. यमुनाबाईंचा मांडवाबाहेरही चालत असे.

नव्वदचे दशक संपत आले होते. एका हितचिंतकाने आम्हाला कॉम्प्युटर दिला, मागोमाग मोडेम आला, ई-मेल आली, आणि तिच्या पाठीवर बसून खोटी बिले आली. 'आपले बिल सोबत जोडले आहे, पाहावे', एवढाच मजकूर. जोडलेली फाइल उघडली की कॉम्प्युटर आजारी पडायचा, आणि वर आपल्या ओळखीच्या प्रत्येकाला तेच पत्र आपल्याच नावाने परस्पर पाठवून मोकळा व्हायचा. 'ई-मेल बंद करून टाका', असा सल्ला आम्हाला चोहीकडून मिळाला. आम्ही तो मानला नाही. दाराशी भामटा आला म्हणून आपण दार विटांनी बुजवत नाही. दारात कुणाला उभे करायचे ते ठरवतो. आम्ही ते कसे ठरवले, त्याचेच हे किस्से.

*

पहिले खोटे बिल आले ते झेरॉक्स मशीनच्या दुरुस्तीचे. आमच्याकडे झेरॉक्स मशीन नव्हते.

आप्पांनी पत्र दोनदा वाचले. शिक्षकी पेशात घालवलेल्या आयुष्याने त्यांना एक विश्वास दिला होता: छापील अक्षर उगाच खोटे बोलत नाही.

"बिल आलंय, म्हणजे दुरुस्ती झालेली असणार," ते म्हणाले. "विजू, आपलं मशीन कुठे आहे?"

"अहो आप्पा, दुरुस्तीला गेलं असेल ना! बिल आलंय म्हणजे!"

आप्पा उठले. आतल्या खोलीत गेले. कपाटे सरकवल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने धोतराला लागलेली धूळ झटकत बाहेर आले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "आत नाही. तू म्हणतेस तेच खरं दिसतंय!"

*

त्यानंतरची खोटी बिले अधिक चतुर होती, कारण ती ओळखीच्या माणसांच्या नावाने येऊ लागली. ज्याचा कॉम्प्युटर आजारी, त्याच्या नावाने बिल. भामटा अनोळखी असता तर प्रश्न सोपा होता. हा आपल्याच माणसाचा सदरा घालून येई.

दामूशेठ हे आमचे कल्याणचे बाइंडर. कागदही तेच पुरवत. एके सकाळी त्यांच्या नावाने ई-मेल आली. इंग्रजीत. 'प्रिय महोदय, आपले बिल सोबत जोडले आहे. तातडीने पाहावे.'

विजूने माउसवरचा हात काढून घेतला. "बाई, हे दामूशेठ नाहीत."

"कशावरून?"

"दामूशेठनी आजवर तातडीने काय केलंय?"

मी मात्र निराळ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोहोचले होते. कथा कुणाची, हे आम्ही पहिल्या वाक्यावरून ओळखतो. प्रत्येक सांगणाऱ्याची एक उघडण्याची रीत असते आणि ती त्याच्या अंगठ्याच्या ठशाइतकी त्याचीच असते. दामूशेठचे कुठलेही बोलणे, मग ते बिलाचे असो वा मुलीच्या साखरपुड्याचे, त्याच त्या शब्दांनी सुरू होई, आणि या पत्रात ते नव्हते. म्हणून आम्ही पत्रातल्या फोन नंबरवर नव्हे, तर भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या जुन्या नंबरवर फोन लावला. हा नियमच झाला पुढे: पत्राने दिलेला नंबर म्हणजे भामट्याने आणलेला साक्षीदार!

"दामूशेठ, तुम्ही बिल पाठवलंत?"

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. "बाई, रागावू नका... पण तुमचं पुस्तक अजून शिवलंच नाय. बिल कुठनं पाठवू?"

*

इथे थोडे शास्त्र सांगते. सवय जात नाही.

लोककथेत एक पेटी असते. नायकाला बजावलेले असते की ती उघडू नकोस. तो उघडतो, आणि कथा सुरू होते. खोट्या बिलाचा कर्ता याच कथेचा वारसदार, फक्त त्याने मनाई उलटी केली आहे. तो म्हणतो: उघड, लगेच उघड, नाहीतर नुकसान होईल. पेटी तीच, माणसाची उत्सुकता तीच. नुसते 'नको'च्या जागी 'लवकर' आले.

त्याच्या साच्याचे चार खुणेचे दगड मी तेव्हाच विजूला लिहून दिले. संबोधन कुणाचेच नसते. 'प्रिय महोदय' हा जगातला कुणीही असू शकतो. दुसरे, घाई असते. तिसरे, ज्या वस्तूचे बिल, ती कोणती, किती, कधी नेली, याचा पत्रात शब्द नसतो. सारे त्या बंद पेटीत. आणि चौथी खूण सतीशने शिकवली. सतीश हा डोंबिवलीचा, आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. स्कूटरवरून येई आणि जिना चढता चढताच व्याख्यान सुरू करी. त्याने सांगितले की फाइलच्या नावाला एकच शेवट असावा. 'बिल डॉट डॉक' ठीक. पण 'बिल डॉट डॉक डॉट ई-एक्स-ई' दिसले, तर तो कागद नव्हे. ती आपल्या घरात येऊन कामाला लागणारी यंत्रणा आहे, आणि कॉम्प्युटर हा दुसरा शेवट बऱ्याचदा आपल्यापासून लपवतो, म्हणून तो दाखवायला मुद्दाम सांगावे लागते.

"आणि डॉकसुद्धा धुतल्या तांदळासारखी नसते हां, बाई," सतीश म्हणाला. "त्यात मॅक्रो असतो, म्हणजे आत दडलेला छोटा प्रोग्रॅम. उघडताना मशीन विचारतं, चालू करू का? तेव्हा 'नाही' म्हणायचं."

"एवढंच ना?" विजू म्हणाली. "'नाही' म्हणायला मला कुणी शिकवायला नको!"

*

आप्पांना कुणीतरी शिकवायला हवे होते.

प्रत्येक खोट्या बिलाची छापील प्रत ते बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवू लागले. वर चिठ्ठी: 'खोटी बिले. पाठभेद.' प्रत्येक कागदाला क्रमांक. आमच्या गीतसंग्रहाच्या नोंदीची जी पद्धत, तीच: सांगणाऱ्याचे नाव, गाव, कुणाकडून ऐकले. तीनही रकाने अर्थात रिकामे.

"हे शुद्ध लोकसाहित्य आहे," ते मला म्हणाले. "कर्ता अज्ञात, तोंडोतोंडी प्रसार, आणि प्रत्येक वेळी थोडा बदल. पण संहिता अपुरी आहे हो! नुसतं पत्र काय नोंदवायचं? जोडलेला भाग कुठाय?"

"आप्पा, जोडलेला भाग म्हणजेच विष."

"विषाचाही पाठ असतो."

ज्या माणसाने एका ओवीच्या एका ओळीसाठी पुन्हा एकदा उन्हातान्हात कल्याणपलीकडच्या मोहने गावापर्यंत पायपीट केली होती, त्याला अर्धी संहिता कशी सोसावी? विजू बँकेत गेली होती. मी कॉलेजात शिकवत होते. आप्पा कॉम्प्युटरपुढे बसले, चष्मा पुसला आणि संहिता पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी पडदा काळा तो काळाच. यमुनाबाईंचे धवले टाइप करण्यात विजूच्या कित्येक महिन्यांच्या दुपारी गेल्या होत्या. ते सगळे गेले. फक्त मूळ आवाजाच्या कॅसेट राहिल्या, कारण त्या आतल्या खोलीतल्या कपाटात होत्या.

सतीश आला, खाली वाकला, वर आला. "बॅकअप आहे का?"

आप्पा भिंतीकडे पाहत होते.

"आहे ना," विजू म्हणाली. तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र ताठ. "कळव्याला बसलीये. अजून गाते!"

*

बातमी मुंबईला पोहोचली. तिथल्या एका बड्या संस्थेचे डायरेक्टर आमच्याकडे आले. त्यांचा आमच्या कॅसेटच्या कपाटावर जुना डोळा होता. दारातल्या आप्पांच्या छत्रीला अडखळून ते आत आले. ती छत्री बारमाही तिथेच उभी असे आणि प्रत्येक नवा माणूस तिला अडखळे.

"तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण एक बिल ओळखता येत नाही तुम्हाला! हा ठेवा तुमच्याकडे सुरक्षित नाही. आमच्याकडे एसी रूम आहे. सगळं तिथे हलवू. कमिटीची मीटिंग बोलवा, ठराव करा."

"एसीत ठेवून गाणी गारठतील, साहेब," विजू म्हणाली.

साहेब तिच्याकडे न पाहता हसले.

मी विचारले, "ज्या बायकांनी ती गायली, त्यांना ऐकायची असली तर?"

"अवश्य. रीतसर अर्ज करायचा. कामाच्या वेळेत, ओळखपत्र घेऊन."

हे विजूने रात्रीच्या जेवणाला घरी सांगितले असावे. कारण दुसऱ्याच सकाळी यमुनाबाई कळव्याहून थेट मंडळात हजर! हातात टोपली, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. तोंडातले पान एका गालात सारून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"बाय, माजी गानी आयकाला मीच अर्ज करू?"

मी त्यांना कॅसेट लावून दिली. त्या मांडी घालून बसल्या आणि स्वतःच्याच आवाजाला एके ठिकाणी म्हणाल्या, "हितं चुकलीस गो!"

हा प्रसंग मला हसवतो आणि संतापही आणतो. गाणे जिथे गाणाऱ्याला येऊन दुरुस्त करता येते, तिथे ते जिवंत असते. ते हलवणे म्हणजे ते जपणे, हे मला कधीच मान्य झाले नाही. पण ठराव पाच जणांच्या कमिटीचा. दोघे देण्याच्या बाजूचे, विजूला मताचा अधिकार नाही, माझे मत विरोधात, आणखी एक माझ्याबरोबर. उरले आप्पा. आणि त्या काळ्या पडद्यानंतर आप्पांनी कपाटाची किल्ली खिशात घालून हिंडायला सुरुवात केली होती, कुणीतरी मागेल म्हणून.

"आपल्या हातून जपवत नाही, हे सिद्धच झालंय," ते म्हणत. "देऊन टाकलेलं बरं."

*

विजूचा उपाय तिच्या आईच्या मांडवातून आला.

लग्नात करवली दार अडवते. नवरा कितीही मोठा असो, वाजतगाजत आलेला असो; नाव घेतल्याशिवाय उंबरठा नाही. अडवणारीला तो कोण हे ठाऊक असतेच. तरी अडवते. या प्रथेचे माझ्या मते मर्म हेच: ओळख असली तरी ती दर वेळी दारात नव्याने द्यावी लागते, आणि विचारणाऱ्याने लाजायचे कारण नसते.

"आजपासनं बिलालापण तेच," विजूने जाहीर केले. "ई-मेलनं बिल आलं की मी फोन करणार. एक प्रश्न. आपल्या दारात पाय ठेवलेल्या माणसालाच येईल असा. नाव घ्या, मग बिल उघडू!"

पहिली पाळी दामूशेठची. पुस्तक अखेर शिवून झाले होते आणि त्यांच्या मुलाने खरेच बिल पाठवले होते.

"दामूशेठ, आमच्या दारात माणूस कशाला अडखळतो?"

"बाई... विजूताई, रागावू नका, पण येवढ्या वर्षांचा संबंध आपला, आणि मला परीक्षा?"

"नवऱ्यालापण लग्नात ओळखतातच की! तरी अडवतात ना? सांगा."

"आप्पांची छत्री! माझा अंगठा अजून ठणकतोय!"

"बरोबर. आता नाव घ्या."

कल्याणच्या त्या दुकानातून, मागे कटिंग मशीनचा खटका चालू असताना, दामूशेठ खणखणीत आवाजात म्हणाले,

"रिक्षात घातला कागद, कोपऱ्यात ठेवला उभा,
बिल माझंच विजूताई, आता द्या उघडायची मुभा!"

मागे दुकानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्याचे आम्हाला इथे ऐकू आले. त्या दिवसापासून दामूशेठ प्रत्येक बिलाबरोबर नवा उखाणा तयार ठेवू लागले. आणि आप्पांनी, थोडे पुढेमागे पाहून, त्यांचीही नोंद सुरू केली. यात तीनही रकाने भरत होते.

*

सतीशला ही पद्धत हास्यास्पद वाटे. "बाई, ही काय सिक्युरिटी झाली? छत्री विचारता? माणसानं नीट फाइलचं नाव बघितलं, दोन शेवट तपासले, की झालं."

पंधरवडा उलटला नसेल. सतीशच्या दुकानातून आम्हाला बिल आले. 'प्रिय महोदय. तातडीने पाहावे.'

विजूने खुर्ची फिरवली, पाय पोटाशी घेतले आणि आनंदाने फोन लावला. "काय रे सतीश, आमच्या दारात माणूस कशाला अडखळतो?"

पलीकडून क्षीण आवाज: "तुमच्याकडे पण आलं का?"

तो तोंड लपवीत आला. झाले होते ते असे. सतीशचे सासरे मोहन्याला राहत. रेयॉनच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी विजेच्या सामानाचे दुकान घातले होते. त्यांच्या नावाने सतीशला बिल आले. फाइलच्या नावाला दोन शेवट होते, संबोधन नव्हते, घाई होती, वस्तूचा उल्लेख नव्हता. चारही खुणा आपल्या डोळ्यांनी पाहिल्या, असे तो स्वतः म्हणाला.

"आणि तरी उघडलंस?"

"बाई, सासऱ्यांचं बिल होतं!"

"अरे पण फोन करून विचारायचं ना!"

"काय विचारायचं? तुम्ही खरे का खोटे? लग्नाला अजून वर्ष नाही झालं, बाई!"

विजूने त्याला पाणी दिले. ग्लास परत घेताना म्हणाली, "सतीश, तुझ्या लग्नात दार अडवलं होतं का रे कुणी?"

"हो... मेव्हणीनं."

"मग तिला ठेव दुकानात!"

*

मीटिंगच्या आदल्या आठवड्यात मुंबईच्या संस्थेकडून ई-मेल आली. 'वाहतूक खर्चाचे बिल सोबत जोडले आहे. तातडीने पाहावे.'

ठराव व्हायचा होता, आणि कपाट हलवण्याचे बिल आधीच हजर! आप्पा खचले. "म्हणजे त्यांनी गृहीतच धरलंय," ते म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

विजू पडद्याकडे पाहत राहिली. "आप्पा, संबोधन नाही. घाई आहे. कसली वाहतूक, कुठनं कुठे, एक शब्द नाही. आणि शेवट बघा. दोन."

"अगं, ते मोठे लोक आहेत. एसी रूम आहे त्यांच्याकडे."

"मोठी माणसं वाजतगाजत येतात. तरी अडवतात." तिने फोन लावला. डायरेक्टर साहेब लाइनवर यायला वेळ लागला.

"साहेब, तुमचं बिल आलंय. उघडायच्या आधी एक विचारायचंय. आमच्या दारात माणूस कशाला अडखळतो?"

ते काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आले नाही, पण विजूने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. शेवटचे वाक्य मात्र खोलीभर पसरले: "असल्या पोरकट प्रश्नांना मी उत्तर देत नसतो. मीटिंगला स्वतः येतो!"

विजूने फोन ठेवला. "नाव नाही घेतलं. नाही उघडत."

मीटिंगचा दिवस. कमिटी जमली होती. आप्पा अध्यक्षाच्या खुर्चीत, किल्ली टेबलावर, त्यांच्यापुढे. खोट्या बिलांचा खोका खुर्चीच्या पायाशी. यमुनाबाई सकाळपासून आलेल्या. कॅसेटमधली चुकलेली ओळ नीट गाऊन द्यायची म्हणून त्या आग्रहाने आल्या होत्या, आणि गाऊन झाल्यावर हवा खायला दारात उभ्या होत्या. विजू टेप-रेकॉर्डरची वायर गुंडाळत होती.

जिन्यात बूट वाजले. डायरेक्टर वर आले. यमुनाबाईंनी एक हात चौकटीच्या या बाजूला टेकला, दुसरा त्या बाजूला.

"नाव घे."

"बाजूला व्हा, बाई. मीटिंग आहे माझी."

"मीटिंग आसंल. नाव घे, मंग ये आंत."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून विजूकडे पाहिले. "या कोण?"

विजूने वायरचे वेटोळे खाली ठेवले.

"बॅकअप, साहेब."

कमिटीतला कुणीतरी हसला. साहेबांचा चेहरा लाल झाला. यमुनाबाईंच्या हाताखालून वाकून ते आत शिरले, आणि छत्रीला अडखळले. तोल सावरून, टाय सरळ करून ते थेट आप्पांच्या टेबलाशी गेले.

"हे काय चाललंय? आम्ही तुम्हाला कुठलंही बिल पाठवलेलं नाही. आमच्या संस्थेतून असलं काही जाऊच शकत नाही!" त्यांनी ब्रीफकेस उघडली आणि एक फ्लॉपी टेबलावर ठेवली, किल्लीच्या शेजारी. "तुम्हाला ई-मेलची भीती वाटते ना? ही घ्या. करारनामा यात आहे. उघडा, वाचा आणि आत्ता सही करा. मला परत जायचंय."

"साहेब," विजूने विचारले, "ही फ्लॉपी कुठल्या कॉम्प्युटरवर केलीत?"

"अर्थात आमच्या मुख्य कॉम्प्युटरवर. एसी रूममधल्या."

विजू आप्पांकडे पाहू लागली. मीही. दारातून यमुनाबाईही.

आप्पांनी फ्लॉपी उचलली. खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून पाहिली. ज्या माणसाने आयुष्यात एकही संहिता अर्धी सोडली नव्हती, त्याच्या चेहऱ्यावरची ती ओढ मला ओळखीची होती. कॉम्प्युटर हाताच्या अंतरावर, चालू होता.

मग त्यांनी किल्ली उचलली आणि खिशात नव्हे, विजूच्या हातात दिली. पायाशी वाकून खोका टेबलावर घेतला. डिंकाच्या बाटलीचे टोपण काढले, फ्लॉपीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली, पुढचा क्रमांक घातला, आणि पेन्सिलीचे टोक नखावर तपासून चष्म्यावरून वर पाहिले.

"सांगणाऱ्याचं नाव?"